जखम भरते, मग ठणका का राहतो?

रात्री दिवा न लावता पाणी पिण्यास उठावे आणि अंधारात उंबरठ्याची ठेच पायाच्या अंगठ्याला लागावी, हा अनुभव ज्याला आला नाही असा माणूस विरळाच. त्या वेळी काय होते ते आठवून पाहा. आधी एक तीक्ष्ण कळ उठते आणि पाय आपोआप मागे ओढला जातो. मग क्षणभर काहीच नसते. ‘आता येणार’ असे आपण मनाशी म्हणतो न म्हणतो, तोच दुसरी वेदना येते. ती जड असते, ठणकणारी असते, पसरत जाणारी असते. पहिली कळ आली तशी निघून जाते. दुसरी मात्र अंगठा हातात धरून खाली बसावयास लावते. ठेच एक आणि वेदना दोन! असे का व्हावे? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, कोणती वेदना किती मोठी हे ठरवितो कोण? ठेच लागलेला अंगठा, की मेंदू, की या दोहोंच्या मधला आणखी कोणी? आज मला या मधल्याची, आणि त्याच्या हाताशी असलेल्या एका चिमुकल्या रासायनिक द्रव्याची हकीकत सांगावयाची आहे.

हा विषय मी पुष्कळ वर्षे विद्यार्थ्यांना शिकविला. परंतु तो मला खऱ्या अर्थाने समजला तो वर्गात नव्हे, घरात. आणि समजला तोही उशिरा. माझी एक आत्या होती. पंचाहत्तरीच्या सुमारास तिच्या डाव्या बरगडीवर नागीण उठली. नागिणीची दोन तोंडे एकत्र मिळाली की माणूस दगावतो, या समजुतीने घरात सर्वांना घोर लागला होता. तसे काही झाले नाही. तीन-चार आठवड्यांत फोड सुकले, खपल्या पडल्या, कातडी कोरडी झाली. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आत्याने मात्र टाकला नाही. तिच्या बरगडीत रात्रंदिवस आग होत राहिली. लुगड्याचा पदर नुसता घासला तरी ती कळवळे. एके दिवशी तिने मला विचारले, “अरे, तू एवढा शिकलेला. फोड तर गेले, मग हे दुखतंय काय?” मी म्हणालो, “आत्या, आता तिथं काही राहिलेलं नाही. मन दुसरीकडे गुंतव, म्हणजे बरं वाटेल.” ती काही बोलली नाही. त्यानंतर तिने त्या दुखण्याचा विषय माझ्याजवळ पुन्हा कधी काढला नाही. ते थांबले होते म्हणून नव्हे. मी ऐकणारा नव्हे, हे तिला कळले होते म्हणून.

आत्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी प्रथम वेदनेचा मार्ग पाहिला पाहिजे. पाठीच्या कण्याच्या पोकळीतून करंगळीएवढ्या जाडीचा आणि सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा एक मऊ दोर खाली उतरतो. हाच मज्जारज्जू. त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात आणि शरीरभर पसरतात. प्रत्येक मज्जातंतू मज्जारज्जूला दोन मुळांनी जोडलेला असतो. पोटाकडील मुळातून स्नायूंना हुकूम जातात. पाठीकडील मुळातून शरीराच्या संवेदना आत येतात. मज्जारज्जूचा आडवा छेद घेतला तर मध्यभागी फुलपाखराच्या आकाराचा करडा भाग दिसतो. त्या फुलपाखराच्या पाठीकडील दोन टोकांना मागील शिंगे म्हणतात. वेदनेची वार्ता प्रथम येथे पोहोचते.

ही वार्ता आणणारे तंतू दोन प्रकारचे आहेत. काहींवर पातळ वेष्टन असते. त्यांच्यातून वार्ता सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने धावते. दुसरे तंतू अतिशय बारीक आणि उघडे असतात; त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटरच्या आसपास, म्हणजे माणसाच्या सावकाश चालीइतका. पायाच्या अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंतचे अंतर सुमारे एक मीटर धरले, तर पहिली वार्ता सेकंदाच्या एका लहानशा अंशात पोहोचते आणि दुसरीला जवळजवळ पूर्ण सेकंद लागतो. उंबरठ्यावरील त्या दोन वेदनांचे रहस्य एवढेच. आपल्या कथेचा संबंध मुख्यतः या दुसऱ्या, मंदगती तंतूंशी आहे.

सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने वेदनेस घंटेच्या दोरीची उपमा दिली होती. खालचे टोक ओढावे, वरची घंटा वाजावी. ही उपमा इतकी सोपी आहे की आजही आपण सर्वजण नकळत तिच्याच आधाराने विचार करतो. दोरी ओढली जात नसेल तर घंटा वाजणार नाही. जखम नसेल तर वेदना असणार नाही. मी आत्याला जे सांगितले ते याच हिशोबाने. परंतु मज्जारज्जू ही नुसती दोरी नव्हे. ती एक कचेरी आहे. खालून आलेला अर्ज तेथे वाचला जातो, त्यावर शेरा मारला जातो, काही अर्ज दप्तरात पडून राहतात आणि काहींवर ‘तातडीचे’ असे लाल शाईने लिहून ते वर धाडले जातात. हा लाल शेरा मारणाऱ्या द्रव्यांपैकी ज्याचा सर्वांत अधिक अभ्यास झाला, त्याचे नाव ‘सबस्टन्स पी’. आपण त्याला पी-द्रव्य म्हणू.

या द्रव्याचा शोध लागला तेव्हा वेदनेचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. १९३१ साली लंडनमध्ये हेन्री डेल यांच्या प्रयोगशाळेत उल्फ फॉन ऑयलर हा पंचविशीच्या आसपासचा स्वीडिश तरुण आणि जॉन गॅडम हा ब्रिटिश शास्त्रज्ञ, असे दोघे घोड्याच्या आतड्यातून आणि मेंदूतून काढलेल्या अर्कांवर प्रयोग करीत होते. त्या अर्काने सशाच्या आतड्याचा तुकडा आकुंचन पावे आणि जनावराचा रक्तदाब उतरे. अॅसिटिलकोलीन या त्या वेळी माहीत असलेल्या द्रव्यानेही असे परिणाम होत. परंतु त्याचा प्रभाव रोखणारे अॅट्रोपीन दिल्यावरसुद्धा या अर्काचा गुण कायम राही. अर्थात येथे काही निराळेच द्रव्य होते. तयार केलेल्या अर्काची नोंद करताना ‘पी’ हे अक्षर वापरले गेले आणि तेच नाव चिकटले. वेदनेस इंग्रजीत ‘पेन’ म्हणतात म्हणून हे नाव पडले असावे असे अनेकांना वाटते. तो केवळ योगायोग होय. फॉन ऑयलर यांना पुढे १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते दुसऱ्या कार्याबद्दल.

यानंतर २० वर्षांहून अधिक काळ हे द्रव्य एक कोडे म्हणून राहिले. १९५३ साली ऑस्ट्रियन औषधशास्त्रज्ञ फ्रेड लेम्बेक यांनी एक साधी पण मार्मिक तुलना केली. मज्जारज्जूच्या दोन्ही मुळांत पी-द्रव्य किती आहे ते त्यांनी पाहिले. संवेदना आणणाऱ्या पाठीकडील मुळात ते पोटाकडील मुळापेक्षा कितीतरी अधिक आढळले. यावरून त्यांनी अनुमान केले की, संवेदनेची वार्ता एका पेशीकडून दुसरीकडे पोहोचविणारे द्रव्य हेच असावे. तथापि अनुमान सिद्ध करावयाचे तर द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती हवे, आणि ते कोणाच्याही हाती लागत नव्हते.

ते हाती लागले तेही दुसरेच काही शोधताना. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात सुसान लीमन या संशोधिका मस्तिष्कग्रंथीवर नियंत्रण ठेवणाऱ्या एका संप्रेरकाच्या शोधात होत्या. त्यांनी गुरांच्या मेंदूतून काढलेला अर्क उंदरांना टोचला, तेव्हा उंदरांच्या तोंडातून लाळ गळू लागली. हे अपेक्षित नव्हते. दुसऱ्या कोणी ही बाब सोडून दिली असती. लीमन यांनी तिचाच पाठपुरावा केला. मायकेल चँग यांच्या साहाय्याने त्यांनी १९७० साली ते लाळ आणणारे द्रव्य शुद्ध केले आणि १९७१ साली त्याची घडणही उलगडली. ते ११ अमिनो अम्लांची एक छोटीशी साखळी, म्हणजे एक पेप्टाइड निघाले; आणि ते दुसरे तिसरे काही नसून ४० वर्षांपूर्वीचे पी-द्रव्यच होते.

आता वेगाने प्रगती झाली. १९७० नंतरच्या त्या दशकात स्टॉकहोममध्ये तोमास ह्योकफेल्ट यांनी पी-द्रव्य नेमके कोठे आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले: ते बारीक संवेदनातंतूंच्या पेशींत होते आणि मागील शिंगाच्या अगदी वरच्या थरांत दाटलेले होते. टोकियोमध्ये मासानोरी ओत्सुका यांनी नवजात उंदराचा मज्जारज्जू पोषक द्रवात जिवंत ठेवला आणि पाठीकडील मुळे उत्तेजित केली की तेथे पी-द्रव्य बाहेर पडते, हे दाखवून दिले. १९७७ साली केंब्रिजमध्ये जेसेल व आयव्हर्सन यांना आढळले की, चेहऱ्याच्या वेदना जेथे पोहोचतात त्या मेंदूच्या भागात अफूवर्गीय औषधे पी-द्रव्याचे बाहेर पडणेच रोखतात. हजारो वर्षे माणूस अफूने वेदना शमवीत आला. तिच्या गुणाचा निदान एक धागा आता हाती आला होता. वेदनेचा निरोप्या सापडला, असे शास्त्रज्ञांना वाटू लागले.

हा निरोप्या काम कसे करतो? संवेदनातंतूची मूळ पेशी मज्जारज्जूच्या शेजारी एका गाठीत असते. पी-द्रव्य तेथे तयार होते आणि तंतूच्या दोन्ही टोकांकडे, म्हणजे त्वचेकडे आणि मज्जारज्जूकडे, नेऊन साठविले जाते. इजा झाली की मज्जारज्जूतील टोकातून प्रथम बाहेर पडते ते ग्लुटामेट नावाचे दुसरे द्रव्य. ते पुढच्या मज्जापेशीला काही सहस्रांश सेकंदांपुरते जागे करते. हा झाला अर्ज. साध्या टोचण्याने, चिमट्याने एवढेच होते. परंतु इजा तीव्र असेल, अगर बराच वेळ चालू राहिली, तर त्याच टोकातून पी-द्रव्यही बाहेर पडते. पुढच्या पेशीच्या पृष्ठभागावर त्याच्यासाठी खास ग्राही असतात. कुलपात किल्ली बसावी तसे ते त्यांच्यात बसते. त्याचा परिणाम सावकाश सुरू होतो, पण सेकंदांच्या हिशोबात नव्हे तर कित्येकदा मिनिटांच्या हिशोबात टिकतो. त्या काळात पेशी जणू कानोसा घेत बसते. एरवी जी कुजबूज तिने मनावर घेतली नसती, तीही तिला हाक वाटते.

येथे आणखी एक गोष्ट घडते. या मज्जापेशींवर ग्लुटामेटचे एक दार असे असते की ते एरवी मॅग्नेशियमच्या कणाने बूच मारल्यासारखे बंद असते. पी-द्रव्याने पेशी दीर्घकाळ उत्तेजित राहिली की ते बूच निघणे सोपे होते. मग कॅल्शियम आत शिरते, पेशीच्या अंतर्भागात बदल घडतात आणि तिची संवेदनक्षमता तास-दोन तास, कधी कधी त्याहूनही अधिक काळ चढलेली राहते. १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की, इजा पायाला झाली तरी वाढलेल्या संवेदनशीलतेचे मूळ मज्जारज्जूत रुजू शकते. कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर, एकामागून एक इतके तातडीचे कागद आले की कारकुनाला प्रत्येकच कागद तातडीचा वाटू लागला. इकडे त्वचेकडील टोकातून बाहेर पडलेले पी-द्रव्य रक्तवाहिन्या रुंदावते व त्यांतील द्रव पाझरू देते. दुखऱ्या जागी लाली आणि सूज येते तिला हेही एक कारण आहे.

कचेरीत लाल शाई आहे तशी ती पुसणारी व्यवस्थाही आहे. १९६५ साली मेल्झॅक व वॉल यांनी असा सिद्धांत मांडला की, मज्जारज्जूत वेदनेसाठी जणू एक झडप आहे. स्पर्शाचे जाड तंतू आणि मेंदूकडून खाली येणारे हुकूम ही झडप लोटू शकतात. त्याच्या तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण गाभा टिकला. मूल धडपडले की आई ‘आला मंतर कोला मंतर’ म्हणत त्या जागी हात चोळते, त्यात तथ्य आहे ते हे. १९७५ साली अॅबर्डीन येथे ह्यूज व कॉस्टरलिट्झ यांनी शरीरात तयार होणारी अफूसारखी पेप्टाइडे शोधून काढली. मागील शिंगातील काही पेशी हीच पेप्टाइडे वापरून संवेदनातंतूच्या टोकाला आवर घालतात. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांना गंभीर जखमी सैनिकांपैकी पुष्कळांनी ‘औषध नको’ असे सांगितले होते. जखम मोठी होती, परंतु वरून आलेल्या हुकुमाने अर्ज अडला होता. याचा अर्थ असा की, जखमेचा आकार आणि वेदनेचा आकार यांचे प्रमाण ठरलेले नाही.

या संशोधनात आपल्या स्वयंपाकघरातील एका वस्तूचा मोठा वाटा आहे. ती वस्तू म्हणजे मिरची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली आणि आता ती इथली नव्हे असे कोणी म्हणणार नाही. ब्याडगी मिरची रंगाला गडद आणि चवीला सौम्य, तर लवंगी इवलीशी असून डोळ्यांतून पाणी काढते. हा फरक मुख्यतः कॅप्सेसिन या द्रव्याच्या प्रमाणाचा आहे. मिरच्या कांडल्यावर हात भगभगतात, तिखट खाल्ले की ‘तोंड पोळले’ असे आपण म्हणतो. भाषेने येथे शास्त्राच्या आधीच नेम साधला होता. १९९७ साली कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्यूलियस यांनी शोधून काढले की, कॅप्सेसिन आणि सुमारे ४३ अंश सेल्सिअसपलीकडील उष्णता ही दोन्ही संवेदनातंतूंवरील एकच दार उघडतात. या कार्याबद्दल त्यांना २०२१ साली, आर्डेम पॅटापूटियन यांच्यासमवेत, नोबेल पारितोषिक मिळाले. मिरचीने पोळते ते खरोखरीच पोळणे असते. निदान मज्जारज्जूला तरी त्यात भेद दिसत नाही.

मिरचीचा दुसरा गुण त्याहून विलक्षण आहे. हंगेरीतील सेगेड येथे मिक्लोश यांचो यांनी १९४० नंतरच्या दशकात असे पाहिले की, जनावराला कॅप्सेसिन वारंवार दिले तर पुढे त्याला दाहक द्रव्यांची वेदना जाणवेनाशी होते. कॅप्सेसिनने बारीक तंतूंतील पी-द्रव्य उपसले जाते, असे नंतर आढळले. साठा संपला, म्हणून वेदना संपली, असा अर्थ पुष्कळ वर्षे लावला गेला. आजचे मत थोडे निराळे आहे: केवळ साठाच रिकामा होतो असे नव्हे, तर त्वचेतील तंतूंची टोकेच काही काळ निकामी होऊन मागे हटतात. याच तत्त्वावर ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी तयार झाली, आणि २००९ साली युरोप व अमेरिकेत तिला ज्या दुखण्यासाठी मान्यता मिळाली त्यात नागिणीनंतर उरणारी आग हे प्रमुख होते. ही पट्टी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच लावावयाची असते. ऐकणाऱ्यांपैकी कोणी कृपा करून घरची मिरची वाटून दुखऱ्या जागी लावू नये.

आता या कथेतील पेचाकडे वळतो. पी-द्रव्य वेदनेचा निरोप्या असेल, तर त्याचा ग्राही बंद करणारे औषध केले म्हणजे वेदना थांबली पाहिजे. १९९१ साली असे पहिले परिणामकारक रसायन जाहीर झाले, आणि मोठ्या औषध कंपन्यांनी या कामी अमाप पैसा ओतला. उंदरांवर परिणाम उत्तम दिसले. १९९८ साली पी-द्रव्यच तयार करू न शकणारे, अगर ज्यांच्यात त्याचा ग्राहीच नाही, असे उंदीर निपजविण्यात आले. त्यांना सौम्य वेदना पूर्ववत जाणवे. तीव्र वेदनेला मात्र ते कमी प्रतिसाद देत. सर्व पुरावा एका दिशेने बोट दाखवीत होता. मग ती औषधे माणसांना देण्यात आली: संधिवाताच्या रोग्यांना, मज्जातंतूंच्या दुखण्याने पिडलेल्यांना, अर्धशिशीच्या रोग्यांना. आणि एकामागून एक चाचणीत निराशा पदरी आली. उंदराला लागू पडलेले माणसाला लागू पडेना.

गंमत अशी की, त्याच वर्गातील अॅप्रेपिटंट या औषधाला २००३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली ती उलटी थांबविण्यासाठी. मेंदूच्या देठात ओकारीचे नियंत्रण करणाऱ्या भागातही पी-द्रव्याचे ग्राही आहेत. कर्करोगाच्या औषधोपचाराने ज्यांना पाण्याचा घोटही पोटात ठरत नसे, अशा रोग्यांना या औषधाने मोठा आधार मिळाला. वेदनेच्या शोधात निघालेले शास्त्र रिकाम्या हाताने परतले नाही. पण ज्यासाठी गेले होते ते घेऊन आले नाही.

असे का झाले? याची कारणे आज जी दिसतात ती अशी. एक तर बारीक तंतूंत पी-द्रव्य एकटे नसते. ग्लुटामेट आहे, आणखी पेप्टाइडे आहेत; एकाचे तोंड बांधले तर बाकीचे बोलतच राहतात. दुसरे असे की, उंदराच्या बाबतीत आपण तो पाय मागे घेतो की नाही हे मोजतो. ‘मला हे सोसवत नाही’ असे उंदीर सांगत नाही. पाय मागे घेणे आणि वेदना भोगणे या दोन गोष्टी आहेत. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पी-द्रव्य हा मुळी अर्ज नव्हेच, तो अर्जावरचा शेरा आहे. शेरा पुसला तरी अर्ज पोहोचतोच.

या तिसऱ्या कारणाला एका सुंदर प्रयोगाचा आधार आहे. १९९७ साली अमेरिकेत पॅट्रिक मँटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पी-द्रव्याला सॅपोरिन नावाचे वनस्पतिजन्य विष जोडले. ही जोडगोळी उंदरांच्या मज्जारज्जूत सोडल्यावर ज्या पेशींवर पी-द्रव्याचे ग्राही होते त्यांनीच ती आत ओढून घेतली आणि त्या नष्ट झाल्या. म्हणजे शेरा पुसला नाही, तर तो वाचणाऱ्या कारकुनांनाच कचेरीतून दूर केले. परिणाम काय झाला? चटका, टोचणे यांसारखी तत्काळ वेदना त्या उंदरांना पूर्वीसारखीच जाणवली. मात्र इजेनंतर वाढत जाणारी, साध्या स्पर्शानेही भडकणारी वेदना पुष्कळच कमी झाली. मागील शिंगाच्या सर्वांत वरच्या थरातील या मूठभर पेशी वेदना जन्माला घालीत नव्हत्या. तिला मोठे करून जागती ठेवीत होत्या.

वेदना समूळ नष्ट व्हावी अशी इच्छा कोणी धरू नये. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांची सेवा करताना दाखवून दिले की, त्यांची बोटे झडतात ती बहुतांशी वेदना हरपल्यामुळे होणाऱ्या इजांनी. चटका कळत नाही म्हणून हात जळतो; खडा कळत नाही म्हणून पाय सडतो. वेदना ही राखणदार आहे. राखणदार हवाच. प्रश्न एवढाच की, चोर निघून गेल्यावरही त्याने महिनोन्महिने आरोळ्या ठोकीत राहावे काय? आणि आशेला जागा नाही असे मुळीच नाही. याच बारीक तंतूंत पी-द्रव्याच्या शेजारी साठवलेल्या सीजीआरपी नावाच्या दुसऱ्या पेप्टाइडाचा मार्ग रोखणारी औषधे २०१८ सालापासून अर्धशिशीसाठी वापरात आली असून अनेक रोग्यांना त्यांनी आराम दिला आहे.

आता आत्याकडे परत येतो. नागिणीचा विषाणू मज्जारज्जूशेजारच्या त्याच गाठीत वर्षानुवर्षे दबा धरून असतो, जेथे संवेदनातंतूंच्या मूळ पेशी राहतात. तो जागा झाला की फोड दिसतात ते कातडीवर. पण होरपळतात ते मज्जातंतू. फोड सुकल्यानंतरही इजा झालेले तंतू खोटेनाटे अर्ज धाडीत राहतात, आणि मज्जारज्जूतील कचेरी पूर्वीच्या धुमश्चक्रीने इतकी चाळवलेली असते की पदराच्या स्पर्शावरही ती ‘तातडीचे’ असा शेरा मारते. यात पी-द्रव्याचा वाटा किती आणि इतरांचा किती, हा हिशोब सोपा नाही. परंतु आत्या ज्याला आग म्हणत होती ती आग तिच्या मनाने रचलेली नव्हती. ती तिच्या मज्जातंतूंत आणि मज्जारज्जूत घडत होती. ‘तिथं काही राहिलेलं नाही’ हे माझे वाक्य कातडीपुरते खरे होते आणि आत्यापुरते साफ खोटे होते. ज्याचे जळते त्यालाच कळते, ही म्हण मला ठाऊक होती. ती शरीरक्रियाशास्त्रातलीही म्हण आहे हे मात्र तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

२०२० साली वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची व्याख्या सुधारून घेतली. तिच्यासोबतच्या टिपांत असे स्पष्ट म्हटले आहे की, एखादा माणूस आपल्याला वेदना होते असे सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा आदर राखला पाहिजे. पी-द्रव्याच्या नव्वद वर्षांच्या इतिहासाने शास्त्रज्ञांना नम्र केले, त्या नम्रतेचेच हे फळ होय असे मला वाटते. वेदना मोजावयाचे यंत्र अजून निघालेले नाही. ज्याला ती होते त्याचा शब्द हेच तिचे माप.

तेव्हा श्रोतेहो, दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगून आपली रजा घेतो. घरात कोणाला नागीण उठली तर मंत्रतंत्रात आणि लेपांत दिवस घालवू नका. पुरळ दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू झाले तर त्याचा उपयोग सर्वांत अधिक होतो. पन्नाशीपुढील लोकांसाठी नागिणीवर प्रतिबंधक लसही आता उपलब्ध आहे. तिच्याविषयी आपल्या डॉक्टरांना विचारा. शस्त्रक्रियेनंतरचे वा अपघातानंतरचे तीव्र दुखणे दात-ओठ खाऊन सोसण्यात पुरुषार्थ नाही. ते वेळीच आवरले तर मज्जारज्जूला त्याची सवय लागण्याचा धोका उणावतो. आणि घरातील एखादे वृद्ध माणूस, जखम भरून गेल्यावरही, ‘अजून दुखतंय’ असे म्हणाले, तर ‘तिथं काही नाही’ असे म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, कोठे दुखते, कसे दुखते, कशाने वाढते ते विचारा, आणि त्याला पुन्हा डॉक्टरांकडे न्या. माझ्या आत्याला एवढे सांगणारा कोणी हवा होता. तो मी असावयास हवा होतो.